चित्रपटाची वकिली करू नका

पत्र : आम्ही सातआठ मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि मिळून चित्रपट बघतो. ज्याची पाळी असेल त्याने चित्रपट निवडायचा, असा नियम आहे. माझी पाळी आली की मी मुद्दाम फारसा कुणी न पाहिलेला, पण मला मनापासून श्रेष्ठ वाटणारा चित्रपट लावतो. सुरू करण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी सांगतो आणि जगाने त्याच्यावर कसा अन्याय केला तेही सांगतो. अर्ध्या तासात कुणी फोन काढतो, कुणी डुलक्या घेऊ लागतो. मागच्या वेळी एका मैत्रिणीने स्पष्टच सांगितले, ‘तुझी पाळी आली की मला परीक्षेला बसल्यासारखे वाटते.’ दोष कुणाचा, चित्रपटांचा, मित्रांचा की माझा? असे चित्रपट अधिक लोकांपर्यंत पोचावेत असे वाटणे चूक आहे का? आणि दाखवायचे तर कोणते दाखवावेत?

उत्तर : प्रिय वाचकमित्र,

तुमच्या मैत्रिणीचे बोलणे तुम्हाला लागले हे स्वाभाविक आहे, पण तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्यही तेच आहे. चित्रपट वाईट होता, असे तिने म्हटलेले नाही. तिला परीक्षेला बसल्यासारखे वाटले, आणि ती प्रश्नपत्रिका चित्रपटाच्या दिग्दर्शकाने काढलेली नव्हती, तुम्ही काढली होती. ज्या कलाकृतीवर जगाने अन्याय केला आहे असे आधीच जाहीर झाले, ती आपल्याला आवडली नाही तर आपणही त्या अन्यायात सामील ठरणार, ही धास्ती मनात घेऊन माणूस समोर बसतो आणि मग पडद्यावर काय चालले आहे यापेक्षा आपला चेहरा कसा दिसतो आहे याचीच त्याला अधिक काळजी वाटू लागते. तेव्हा दोष द्यायचाच झाला तर तो तुमच्या प्रस्तावनेला द्यावा. वकिली सोडा आणि यजमानपण पत्करा, एवढाच माझा सल्ला आहे. पुढचा सगळा मजकूर ते कसे करावे यासाठी आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. फारसा कुणी न पाहिलेला चित्रपट म्हणजे श्रेष्ठ चित्रपट, असे समीकरण नकळत मनात बसते आणि तुमच्या पत्रातही ते डोकावते. विस्मरणात गेलेले बहुतेक चित्रपट सुमार होते म्हणूनच विस्मरणात गेले, आणि त्यांना तिथेच सुखाने राहू द्यावे. मात्र काही चित्रपट असे आहेत की त्यांच्या मागे पडण्याचा त्यांच्या गुणवत्तेशी सुतराम संबंध नाही. चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ घ्या. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील एका कत्तलखान्यात काम करणाऱ्या माणसाची आणि त्याच्या कुटुंबाची ही कृष्णधवल कहाणी बर्नेट यांनी विद्यापीठातील प्रबंध म्हणून, बहुतांशी सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करून, दहा हजार डॉलरांपेक्षा कमी खर्चात पुरी केली. १९७८ साली ती दाखवली गेली, १९९० मध्ये अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या आपल्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश केला, आणि तरीही चित्रपटगृहांत ती रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ साल उजाडावे लागले. अडचण होती ती गाण्यांची. विद्यार्थ्याने प्रबंधात वापरलेल्या ध्वनिमुद्रिकांचे हक्क कुणी घेतलेले नव्हते, आणि ते घेण्यासाठी अखेरीस दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे चित्रपटाच्या मूळ खर्चाच्या पंधरापटीहून अधिक. या सगळ्यात प्रेक्षकाचा काय अपराध?

विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘सॉर्सरर’चे दुर्दैव वेगळ्या प्रकारचे होते. तो जून १९७७ मध्ये आला, तेव्हा ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित होऊन जेमतेम महिना झाला होता आणि चित्रपटगृहांना दुसरे काही लावण्यात रस उरला नव्हता. भरीस भर म्हणून फ्रीडकिन यांचा त्याआधीचा चित्रपट ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा भयपट असल्यामुळे असे जादूटोण्याचे नाव वाचून भुताखेतांच्या अपेक्षेने लोक आले, आणि त्यांना दिसले ते जंगलातून स्फोटके वाहून नेणारे दोन खटारा ट्रक. (‘सॉर्सरर’ हे त्यांतल्या एका ट्रकचे नाव आहे. असे नाव ठेवण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला असेल, याचे कुतूहल वाटते.) दोन स्टुडिओंनी मिळून पैसा घातल्यामुळे पुढे हक्क नेमके कुणाकडे आहेत हेच उमगेना, इतके की २०१२ मध्ये दिग्दर्शकाला स्वतःच्या चित्रपटासाठी कोर्टात जावे लागले, आणि त्यानंतर २०१३ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची रिस्टोअर केलेली, म्हणजे दुरुस्त करून पूर्ववत केलेली, प्रत झळकली.

इराणमधल्या मोहम्मद रझा अस्लानी यांच्या ‘चेस ऑफ द विंड’ची हकीकत तर कुणी कथेत लिहिली असती तर अतिरंजित वाटली असती. १९७६ मध्ये तेहरानच्या महोत्सवात तो दाखवताना प्रक्षेपणाचा गोंधळ उडाला, समीक्षकांनी नावे ठेवली, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच्यावर बंदी आली. तो नष्टच झाला असे सगळे धरून चालले असताना २०१४ साली दिग्दर्शकाच्या मुलाला तेहरानमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्याची रिळे सापडली. ती पॅरिसला पाठवण्यात आली आणि २०२० मध्ये चित्रपट नव्याने लोकांसमोर आला. दरम्यानच्या चार दशकांत तो कुणी पाहिला नाही याचे कारण लोकांची अभिरुची नव्हे. पाहायला प्रतच उपलब्ध नव्हती.

आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते, कारण ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्याने आयुष्यात एकच चित्रपट केला, त्याचा तो चित्रपट विसरला जाण्याची शक्यता फार मोठी असते. दिग्दर्शकाचा नवा चित्रपट आला की लोक जुन्यांकडे वळतात, त्यांच्यावर लिहिले जाते, महोत्सवांतून त्यांचे एकत्रित खेळ होतात. ज्याच्या बाबतीत दुसरा चित्रपटच नाही, त्याच्या पहिल्याची आठवण करून द्यायला कुणी उरत नाही. अभिनेता चार्ल्स लॉटन याने १९५५ साली ‘द नाइट ऑफ द हंटर’ दिग्दर्शित केला, तो चालला नाही, आणि त्याने पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. आज तो अभ्यासकांत गाजलेला असला तरी त्यांच्या वर्तुळाबाहेरच्या किती जणांनी पाहिला आहे, हे तुमच्या मित्रांनाच विचारून पाहा. बार्बरा लोडेन हिने १९७० मध्ये ‘वांडा’ लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. व्हेनिसमध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळूनही तो मोजक्याच ठिकाणी लागला, आणि दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट न करताच १९८० साली ती गेली. निरद महापात्र यांचा ओडिया भाषेतला ‘माया मिरिगा’ हाही असाच एकुलता एक कथापट. एकत्र कुटुंब कुणी मोठ्याने न भांडता कसे विस्कटत जाते ते दाखवणारा हा चित्रपट १९८४ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात निवडला गेला होता. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने रिस्टोअर केलेली त्याची प्रत २०२४ मध्ये पुढे आली.

याच्या उलट उदाहरणही पाहा. फ्रँक कॅप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ साली आला तेव्हा त्याने निर्मात्यांची निराशाच केली होती. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले, फुकट मिळतो म्हणून दूरचित्रवाणी केंद्रे तो दर नाताळात लावू लागली, आणि काही वर्षांत तो अमेरिकेतल्या घराघरांत पोचला. चित्रपट अक्षरशः तोच होता. तो सहज दिसू लागला, एवढाच काय तो फरक पडला.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, ही कारणे नीट समजली की तुमच्या बोलण्यातला तक्रारीचा सूर आपोआप उतरेल. गाण्यांचे हक्क, चुकीचा मुहूर्त, दुकानात पडलेली रिळे यांना तुमचे मित्र जबाबदार नाहीत आणि त्यांनी त्याची भरपाईही करायची नाही. शिवाय हे किस्से इतके रंजक आहेत की चित्रपट आवडल्यावर ते ऐकायला लोकांना मजा येते. आधी ऐकवले की मात्र त्यांचा भार होतो. तेव्हा सगळी पार्श्वभूमी चित्रपटानंतर सांगा, आणि तीही कुणी विचारली तर.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. कोणते चित्रपट दाखवावेत याची यादी मी देणार नाही, कारण यादी बघून निवडण्याची सवयच तुम्हाला नडली आहे. निवड माणसापासून सुरू करा. तुमच्या मंडळात प्रत्येकाने पुन्हा पुन्हा पाहिलेला एखादा चित्रपट असतोच; तो कोणता, हे गप्पांच्या ओघात काढून घ्या, आणि त्याच्या शेजारी कोणता अपरिचित चित्रपट बसेल याचा विचार करा. ज्याला थरार आवडतो त्याच्यासमोर ‘सॉर्सरर’ ठेवा. मुसळधार पावसात, फुगलेल्या नदीवर, कुजक्या फळ्यांच्या झुलत्या पुलावरून तो अजस्र ट्रक इंचाइंचाने पुढे सरकतो, दोर तुटू लागतात, आणि मागे हौद्यात हलक्या धक्क्यानेही फुटतील अशी स्फोटके आहेत. हे दृश्य पाहताना फोन हातात घेणारा माणूस माझ्या तरी कल्पनेत बसत नाही. सुरुवातीला चार वेगवेगळ्या देशांतली चार प्रकरणे येतात आणि त्यांचा संबंध लवकर लागत नाही, एवढी सूचना मात्र आधी देऊन ठेवा. जिला जुन्या वाड्यातली कारस्थाने, वारसाहक्क आणि खून यांत रस आहे, तिला ‘चेस ऑफ द विंड’ आवडण्याची पुरेपूर शक्यता आहे. त्यात चाकांच्या खुर्चीला खिळलेली वारसदार आहे, संपत्तीवर डोळा ठेवून असलेला सावत्र बाप आहे, मेणबत्त्यांच्या उजेडात चाललेली कुजबुज आहे, आणि मधूनमधून कारंज्यापाशी कपडे धुणाऱ्या बायका घरातल्या भानगडींवर जे बोलतात ते तर ऐकण्यासारखेच आहे.

सगळ्यांनी एकत्र बघायचा पहिला चित्रपट विचाराल, तर मी लिओ मॅकॅरी यांचा १९३७ सालचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ सुचवेन. एका वृद्ध जोडप्याचे घर बँक ताब्यात घेणार असते, पाच मुलांपैकी कुणीही त्या दोघांना एकत्र ठेवून घ्यायला तयार होत नाही, म्हणून आई एका मुलाकडे आणि वडील कित्येक मैल दूर एका मुलीकडे राहायला जातात. गोष्ट एवढीच आहे, आणि ती समजण्यासाठी कुणालाही कसलीही पूर्वतयारी लागत नाही. यातला एक प्रसंग नीट पाहा. सुनेने घरी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग भरवलेला आहे, पाहुणे टेबलांभोवती बसले आहेत आणि सासूबाई त्यांच्यामध्येच आपल्या डुलत्या खुर्चीत येऊन बसतात. खुर्ची करकरते. पाहुणे एकमेकांकडे पाहतात, सून अवघडते, आपणही थोडे वैतागतो. मग सासूबाईंना नवऱ्याचा फोन येतो आणि दूरवर ऐकू जावे म्हणून त्या नको इतक्या मोठ्या आवाजात बोलू लागतात. पहिली काही वाक्ये खोलीतल्या सर्वांनाच हास्यास्पद वाटतात. हळूहळू पत्ते थांबतात, माना खाली जातात, आणि आपण नुकतेच कुणावर वैतागलो होतो हे आठवून पाहणाऱ्यालाही ओशाळल्यासारखे होते. मॅकॅरी यांनी इथे संगीताने उमाळा आणलेला नाही किंवा मुलांना खलनायक करून स्वतःची सुटका करून घेतलेली नाही. सुनेची अडचणसुद्धा खरी आहे, आणि म्हणूनच हा प्रसंग इतका खोल जातो. स्टुडिओला गोड शेवट हवा होता, तो द्यायला मॅकॅरी यांनी नकार दिला, चित्रपट पडला आणि त्यांची त्या स्टुडिओतली नोकरीही गेली. त्याच वर्षीच्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या त्यांच्याच विनोदी चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले तेव्हा, तुम्ही ते चुकीच्या चित्रपटाला दिलेत, असे त्यांनी आभार मानताना ऐकवले. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९५३ च्या ‘टोक्यो स्टोरी’ची प्रेरणाही या चित्रपटात आहे, कारण ओझूंचे सहलेखक कोगो नोदा यांनी तो पाहिलेला होता. यातले काहीही आधी सांगू नका. दीड तासाचा चित्रपट आहे, तो स्वतःचे काम स्वतः करतो.

दीड तासही जास्त वाटेल अशी भीती असेल, तर इराणी कवयित्री फरुग फर्रुखजाद हिचा ‘द हाउस इज ब्लॅक’ अवघ्या बावीसेक मिनिटांचा आहे. तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १९६२ साली चित्रित केलेला हा माहितीपट तिचा एकमेव चित्रपट ठरला. १९६७ मध्ये बत्तिसाव्या वर्षी ती अपघातात गेली. त्यातल्या वर्गात शिक्षक एका मुलाला काही कुरूप गोष्टींची नावे सांगायला सांगतात, तेव्हा तो हात, पाय आणि डोके अशी उत्तरे देतो, आणि वर्गातली मुले हसतात. आजाराने ज्यांचे हात-पाय झिजले आहेत त्यांनीच हे म्हणावे आणि त्यांनीच हसावे, यावर ती निवेदनातून एक शब्दही बोलत नाही. विषय ऐकून लोक बिचकतील, म्हणून हा चित्रपट सगळ्यांवर लादू नका. मंडळातल्या एखाद्या कविता वाचणाऱ्या माणसाला एकटा दाखवा.

‘किलर ऑफ शीप’ आणि ‘वांडा’ यांची घाई करू नका. दोन्ही मला अत्यंत प्रिय आहेत, पण दोन्हींत गोष्ट अशी फारशी पुढे सरकत नाही, आणि समूहात बसलेल्या माणसाला काही घडत नाही म्हणजे आपलेच लक्ष नाही असे वाटू लागते. ‘किलर ऑफ शीप’मध्ये दोन मित्र जुन्या गाडीचे इंजिन विकत घेतात, घामाघूम होऊन ते जिन्यावरून खाली उतरवतात, ट्रकच्या अगदी कडेवर ठेवतात, राहील इथेच असे एकमेकांना समजावतात, आणि चढावर ट्रक सुरू होताच ते मागे पडून फुटते. तेवढ्यातच त्या माणसांचे सगळे आयुष्य आले आहे. पण ते जाणवण्यासाठी पाहणाऱ्याला या संथ लयीची सवय झालेली असावी लागते. सोव्हिएत दिग्दर्शक मिखाइल कलातोझोव यांचा ‘आय अ‍ॅम क्यूबा’ मात्र घरच्या पडद्यावर लावूच नका. त्यातली अंत्ययात्रा, जिच्यात कॅमेरा इमारतीवर चढतो, सिगार वळणाऱ्या कामगारांच्या खोलीतून आरपार जातो आणि पलीकडे गर्दीच्या वरून तरंगत निघून जातो, ती मोठ्या पडद्यासाठीच आहे; एखाद्या फिल्म सोसायटीने लावला तर सगळ्यांना घेऊन जा.

व्यवहाराच्या दोनचार गोष्टी. रिस्टोअर केलेली अधिकृत प्रत मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा, कारण कडा कापलेली, धूसर आणि भलतीच सबटायटल असलेली प्रत दाखवून चित्रपटाबद्दल मत मागणे त्याच्यावर खरोखरच अन्याय करणारे आहे. सबटायटल मागच्या माणसाला वाचता येतात की नाही ते आधी पाहून घ्या. चित्रपट चालू असताना मित्रांच्या चेहऱ्यांकडे पाहू नका; माझी खात्री आहे की तुम्ही पाहता, आणि त्यांनाही ते कळते. संपल्यावर ‘कसा वाटला’ हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारू नका. कुणाला कंटाळा आला तर तो त्याचा हक्क आहे, आणि तो मोकळेपणाने सांगता आला तरच त्याने पुढे कधी एखाद्या चित्रपटाची केलेली स्तुती खरी मानता येईल.

असे चित्रपट अधिक लोकांनी पाहावेत असे वाटणे चूक आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मुळीच नाही. वर सांगितलेल्यांपैकी जे चित्रपट परत आले, ते कुणीतरी हट्ट धरला म्हणूनच आले. ‘वांडा’ची मूळ रिळे एक प्रयोगशाळा बंद होताना टाकून दिली जाणार होती, ती एका अभिरक्षकाने वेळीच ओळखून वाचवली. पण त्या माणसांनी आपला हट्ट गोदामांशी, वकिलांशी आणि हक्कधारकांशी धरला. तुमचा सामना फक्त सातआठ स्नेह्यांशी आहे, आणि ते महिन्यामागून महिने तुमच्या पाळीला येऊन बसतात, ही त्यांच्या बाजूची मोठीच उदारता आहे.

त्या मैत्रिणीला मात्र पुढच्या पाळीआधी अवश्य फोन करा. तिचे म्हणणे पटल्याचे एका वाक्यात सांगा, मग ‘सॉर्सरर’ आणि ‘मेक वे फॉर टुमॉरो’ यांची कथानके प्रत्येकी दोन ओळींत, कुठलेही विशेषण न लावता सांगा, आणि कोणता लावायचा ते तिला ठरवू द्या. ती ‘सॉर्सरर’ म्हणाली, तर आवाज जरा मोठा ठेवा.